डब्याच्या काठाला चुंबक का चिकटला?

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा, असा शाळेचा निरोप आला. मला लिहायचं आहे ते फक्त आपल्या विज्ञानाच्या बाईंबद्दल. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये.

त्या काळी भांडीवाले छातीठोकपणे सांगायचे, ‘चुंबक चिकटला की स्टील खोटं.’ आठवीत असताना एका मैत्रिणीच्या डब्याला चुंबक चिकटला आणि मधल्या सुट्टीत मुलांनी तिला चिडवून रडवलं. बाईंच्या कानावर गेलं. त्या कुणालाच ओरडल्या नाहीत. पुढच्या तासाला प्रयोगशाळेतला नालाकृती चुंबक घेऊन आल्या आणि सगळ्यांचे डबे टेबलावर मांडायला लावले. ज्यांचं स्टील ‘खरं’, त्यांच्या डब्यांच्या बुडाला चुंबक धरेना. पण काठाशी नेला की हळूच ओढ घेई. एकाच पत्र्याचा डबा, आणि दोन तऱ्हा!

मग बाईंनी फळ्यावर दोन घन काढले. एकात लोखंडाचे अणू कोपऱ्यांवर आणि मधोमध. ही रचना चुंबकाला ओढली जाते. दुसऱ्यात कोपऱ्यांवर आणि प्रत्येक पृष्ठाच्या मध्यावर. निकेल पुरेसं घातलं की ही दुसरी रचना टिकते, आणि तिला चुंबक लागत नाही. साच्यात दाबून पत्रा ताणला, की ताण बसलेल्या जागी ती थोडी बदलते आणि काठ चुंबकाला ओळख देतो. गंज अडतो तो क्रोमियममुळे, ते निदान साडेदहा टक्के हवं. १९१३ साली इंग्लंडमधल्या शेफिल्डला हॅरी ब्रिअर्ली या धातुतज्ज्ञांनी बनवलेल्या न गंजणाऱ्या पोलादात सुमारे १३ टक्के क्रोमियम होतं आणि त्याला चुंबक चिकटायचा. “मग हिचा डबा खोटा कसा?” बाईंनी विचारलं. वर्ग गप्प. ती मैत्रीण मात्र ताठ बसली होती.

आज मी चाकणला पत्रा ओढून भांडी बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता विभाग सांभाळते. ३०४ म्हणजे निकेल घातलेल्या स्टीलचा एक प्रकार; त्याचा पत्रा साच्यात खोल ओढला की चुंबक धरतो. साधारण १०५० अंश सेल्सिअसवर तापवून झटकन थंड केला की सोडतो. दरवेळी बाई आठवतात. गिऱ्हाईक अजूनही खिशात चुंबक घेऊन येतं. त्यांना मी सांगते, निकेल कमी करून मँगनीज घातलेल्या २०२ या प्रकारालाही चुंबक लागत नाही, पण गंजापुढे ते ३०४ इतकं टिकत नाही. इंडक्शनच्या भांड्याला तर बुडाशी चुंबक धरणारं ४३० प्रकारचं स्टील मुद्दाम लावावं लागतं.

प्रयोगशाळेच्या जागी आता संगणक कक्ष झालाय, याचं मनापासून वाईट वाटतं. मुलांच्या हाताला वस्तू लागायला हवी. म्हणून ३०४, २०२ आणि ४३० च्या पट्ट्या शाळेकडे पाठवल्या आहेत. ३०४ ची पट्टी आधी तशीच तपासावी, मग ऐरणीवर चांगली ठोकून पुन्हा चुंबक लावावा. आणि ‘का?’ हे मुलांनाच आधी विचारावं, बाई विचारायच्या तसं.