तुम्ही विचारलंत म्हणून: ते ढग आदळले हे कशावरून?

आकाशदर्शनाला आलेल्यांना धनू राशीतला ट्रिफिड तेजोमेघ दाखवताना मी सांगते, की त्याच्या मध्यावरचा तारा वायूचे दोन ढग एकमेकांवर आदळून जन्मला असावा. मग कुणीतरी हमखास विचारतं: टक्कर पाहिली कुणी? ढग एकामागे एक असतील आणि आपल्याला नुसते एकाच रेषेत दिसत असतील तर?

शंका अगदी रास्त आहे. अशी टक्कर लाखो वर्षं चालते, त्यामुळे ती घडताना कुणालाच दिसत नाही. हे ढग मुख्यतः हायड्रोजनच्या रेणूंचे, तापमान साधारण १० केल्विन, म्हणजे उणे २६३ अंश सेल्सिअस. इतक्या थंडीत हायड्रोजनचा रेणू जवळजवळ काहीच उत्सर्जित करत नाही. म्हणून त्यात मिसळलेल्या कार्बन मोनॉक्साइडच्या रेडिओलहरी टिपायच्या आणि लहरींची लांबी किती सरकली आहे यावरून वायूचा वेग काढायचा.

जपानच्या नागोया विद्यापीठातल्या गटाने ट्रिफिडसाठी हेच केलं. २०११ साली त्यांनी दाखवलं, की तेजोमेघाच्या मध्यावर दोन ढग आहेत, प्रत्येकात सुमारे हजार सूर्यांइतका वायू, आणि दोघांच्या वेगांत सेकंदाला ८ किलोमीटरांचा फरक. पण नुसत्या वेगांनी तुमची शंका फिटत नाही. ती फिटते तापमानाने. आजूबाजूचा वायू १० केल्विनला, आणि हे दोन्ही ढग ३० ते ५० केल्विनला! शेकोटीची ऊब जवळ बसलेल्यालाच लागते. दोन्ही ढग त्याच ताऱ्याने तापलेत, म्हणजे दोन्ही त्याच्याजवळच आहेत. मला हा पुरावा फार आवडतो, इतका तो सरळ आहे.

ते एकमेकांभोवती फिरत असतील का? नाही. तिथले तारे आणि वायू मिळून वस्तुमान सुमारे ३२०० सूर्यांपेक्षा कमी भरतं. इतक्या वेगाच्या ढगांना गुरुत्वाकर्षणाने बांधून ठेवायला याच्या दसपट तरी लागेल. ढग वाटेत भेटले आणि एकमेकांतून पुढे निघाले, हेच पटतं. २०१७ साली दोन्ही वेगांच्या मधला, ढगांना जोडणारा वायूही सापडला.

आता आदळल्यावर होतं काय ते. एवढ्या थंड वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला जेमतेम ०.२ किलोमीटर. टक्कर त्याच्या चाळीसपट वेगाची. समोरच्या वायूला बाजूला सरकायला अवधीच मिळत नाही आणि आघाततरंग उठतो. वायू तापतो, उष्णता प्रारणावाटे बाहेर टाकून पुन्हा थंड होतो, पण दाबलेलाच राहतो. त्यासोबत चुंबकीय क्षेत्रही दाबलं जातं, आणि ते वायूला स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने आत कोसळून तारा होऊ देत नाही. इनोउए आणि फुकुई या जपानी संशोधकांनी २०१३ साली संगणकावर हे करून पाहिलं. चुंबकीय क्षेत्र आणि वायूतली खळबळ या दोन्हींच्या विरोधामुळे वायूच्या गोळ्याला कोसळण्याआधी पुष्कळ जास्त वस्तुमान जमवावं लागतं. सूर्याच्या वीसपट आणि त्याहून जड तारे असे घडू शकतात. अडथळ्यामुळेच तारा मोठा होतो, हे मला या साऱ्या विषयातलं सगळ्यात सुंदर वाटतं.

मात्र टक्कर झाली की तारे झालेच, असं नाही. आकाशगंगेच्या केंद्राजवळ ‘ब्रिक’ नावाचा ढग आहे, सुमारे लाख सूर्यांच्या वस्तुमानाचा. त्यात जिकडेतिकडे सिलिकॉन मोनॉक्साइड सापडतो. सिलिकॉन एरवी धुळीच्या कणांत अडकलेला असतो, आघाताने कण झिजले की तो सुटतो. नवजात ताऱ्यांचे झोतही त्याला सोडवतात, पण ब्रिकमध्ये असे तारे जवळजवळ नाहीतच, त्यामुळे संशय ढगांच्या टकरीवरच जातो. एवढा दाट, एवढा आदळलेला वायू, आणि तारे नगण्य. केंद्राजवळ घुसळणच इतकी जोरदार आहे, की दाबलेला वायू कोसळण्याआधीच पुन्हा विखुरतो, असं बरेच अभ्यासक मानतात.