बांध नसलेल्या शिवाराचे गाव

इंग्लंडमधले खेडे म्हटले की आपल्याला झुडपांच्या कुंपणांनी चौकोन पाडलेली हिरवी शेते दिसतात. पण त्यांतली पुष्कळ कुंपणे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत, संसदेने कायद्यांमागून कायदे करून खुली शिवारे बंदिस्त केली तेव्हाची आहेत. नॉटिंगहॅमशायरमधले लॅक्स्टन हे लहानसे गाव या लाटेतून बरेचसे निसटले. त्यामागे काही थोर तत्त्व नव्हते. जमीन मुख्यतः दोन उमराव घराण्यांकडे होती आणि वाटणीवर त्यांचे एकमत होईना, असे सांगतात. मालकांचे पटले नाही म्हणून शिवार वाचले, हे मला तरी मोठे गमतीचे वाटते.

वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड ही तिथली तीन खुली शिवारे. एकात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचे पीक, तिसरे पडीक किंवा चाऱ्यासाठी, आणि दरवर्षी हा क्रम एकेक घर पुढे सरकतो. 1635 साली मार्क पियर्सने काढलेल्या नकाशात या शिवारांचे दोन हजारांहून अधिक अरुंद पट्टे दिसतात. एकाच शेतकऱ्याचे पट्टे मुद्दाम विखुरलेले असत, म्हणजे चांगली जमीन आणि चिवट चिकणमाती दोन्ही सगळ्यांच्या वाट्याला येत. विसाव्या शतकात पट्टे एकत्र करून मोठे केले गेले. सखल, ओलसर जागी मात्र नांगर घालत नाहीत, तिथे गवतच राखतात.

आता पट्ट्यांमध्ये बांधच नसेल, तर शेजाऱ्याचा फाळ हातभर आत येणारच. आपल्याकडे बांध कोरल्यावरून सुरू झालेले दावे नातवांपर्यंत चालतात. लॅक्स्टनमध्ये नोव्हेंबरच्या अखेरीस शेतकऱ्यांचीच ज्यूरी गव्हाच्या शिवारातून पायी फिरते, हद्दीवर खुंट्या ठोकते आणि रस्त्यात किंवा गवतात कोणी नांगर घातला ते टिपून घेते. आठवड्याभराने ‘कोर्ट लीट’ हे जुने जहागिरी न्यायालय भरते आणि दंड ठरवते. 1977 च्या कायद्याने देशभरच्या अशा न्यायालयांचे अधिकार काढून घेतले, अपवाद केला तो लॅक्स्टनचा. दंड किरकोळ असतो. त्याच बैठकीत पुढच्या वर्षीच्या शिवारासाठी नवी ज्यूरी शपथ घेते, त्यामुळे यंदा दंड भरणारा पुढच्या खेपेला खुंट्या ठोकणाऱ्यांत असू शकतो.