डॉक्टर आल्याशिवाय शिट्टी नाही

कुस्तीचा पंच व्हायला काय काय करावं लागतं, असं तालमीतली पोरं विचारत असतात. शिबिर, लेखी, प्रात्यक्षिक हे अभ्यास केला की पार पडतं. डाव्या मनगटाला लाल पट्टी, उजव्या मनगटाला निळी, दोन गुण कशाला, चार कशाला, हेही अंगवळणी पडतं. माझा कस लागला तो १४ वर्षांखालच्या शालेय कुस्त्यांना, पहिल्याच ड्युटीला, आणि तोही एक कुस्ती लागायच्या आत. त्या दिवसाचा राग अजून उतरलेला नाही.

मॅट अंथरलेली, काटा मांडलेला, पोरं कॉश्च्युम घालून तयार. डॉक्टरांचा मात्र पत्ता नाही. वजनाआधी डॉक्टरांनी पोरांना तपासायचं असतं. गजकर्ण, पुरळ, ओली जखम काही आहे का, ते बघायचं. आयोजक म्हणाले, दवाखान्याला पत्र दिलंय. पोच मागितली तर ती कुणाकडेच नाही. फोन लावला की ‘निघालेत’ एवढंच उत्तर. तासाभराने लावला तरी ‘निघालेत’च.

वजनात बसायचं म्हणून आदल्या रात्रीपासून पाणी न प्यायलेली पोरं भिंतीला टेकून बसली होती. एकाचे ओठ इतके सुकलेले की बोलताना चिकटत होते. पाण्याची बाटली मांडीवर, झाकण घट्ट लावलेलं, आणि नजर काट्यावर.

वस्ताद मंडळी माझ्यामागे लागली. "पंचसाहेब, आमची हयात मातीत गेली, कुस्तीला डॉक्टर कवा बघितला न्हाई. पोरं उपाशी हायत, लावा की कुस्त्या!" पोरांची कळकळ खरीच होती. मी प्रमुख पंचांना म्हटलं, वजनं उरकून घेऊ, पोरांना खाऊ-पिऊ दे, पण तपासणी झाल्याशिवाय मॅटवर कोणी चढणार नाही. त्यांना पटलं. आयोजकांपैकी एकाने ‘वरून फोन येईल’ असंही सुनावलं. येऊ दे म्हटलं.

पंच कुस्ती थांबवू शकतो. पण मान धरून पडलेल्या पोराला हलवायचं की नाही आणि त्याने पुढे खेळायचं की नाही, हे डॉक्टरांनी ठरवायचं. डॉक्टर नसले की आधी धावतो तो बाप किंवा वस्ताद, आणि पोराला उठवून बसवायला बघतो. मणक्याला मार असेल तर तेच जिवावर बेततं.

डॉक्टर आल्या त्या जेवणवेळ टळून गेल्यावर. काम मात्र बाईंनी चोख केलं. एका पोराच्या मानेवर केसांखाली रुपयाएवढं गजकर्ण निघालं, त्याला बाद केलं. कुस्तीभर मानेला मान घासते, त्याला सोडला असता तर चार पोरं घरी घेऊन गेली असती. त्याचे वस्ताद दिवसभर माझ्याकडे डोळे वटारून बघत होते.

मग कुस्त्या लागल्या. एकीत निळ्या कॉश्च्युममधल्या पोराने मागून कंबर धरून लाल कॉश्च्युमवाल्याला उलटा उचलला, डोकं खाली, पाय वर. अशा पकडीतून खाली आणायचं ते कडेलाच, सरळ डोक्यावर नाही. उचल होतानाच मी बाजूला सरकलो होतो. शिट्टी दिली आणि दुसरा हात पोराच्या मानेखाली घातला. गुण हुकले म्हणून निळ्याच्या कोपऱ्यातून केवढा आरडाओरडा! लाल पोरगं उठून पुन्हा उभं राहिलं, मला तेवढं पुरे होतं.

नव्या पंचांनी उचल झाली की गुण नंतर बघावेत, आधी डोकं कुठं जातंय ते बघावं. हात ९० अंशांपलीकडे मुरगळला किंवा बोटं पिळली की लगेच थांबवा. १५ आणि १७ वर्षांखालच्या गटांत समोरून किंवा बाजूने डबल नेल्सन, म्हणजे काखेतून हात घालून दोन्ही हातांनी मान दाबायची पकड, चालत नाही, पण तालमीत पोरं सर्रास लावतात.

आणि पालकांनो, पोरांना वजन तोडायला, म्हणजे उपाशी-तहानेलं राहून वजन उतरवायला, लावू नका. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत महिनाभराच्या अंतरात कॉलेजचे तीन पैलवान वजन तोडताना गेले, तेव्हा कुठे तिथले नियम बदलले. वाढतं पोर आहे, वरच्या गटात जाऊ दे.

डॉक्टरांच्या पत्राचं राहिलंच. पत्र नुसतं देऊ नका. पोच घ्या, त्यावर डॉक्टरांचं नाव आणि मोबाईल नंबर लिहून घ्या. मी आता ड्युटी स्वीकारतानाच ती पोच मागतो, आणि आदल्या संध्याकाळी स्वतः त्या डॉक्टरांना फोन करतो.