आजोळाहून सांकवाळला

सांत (संत) जुझे वाझ 21 एप्रिल 1651 ला गोव्यातल्या बाणावलीत जन्मला. बाणावली त्याचं आजोळ, वडील सांकवाळचे. त्याचं फेस्त, म्हणजे सण, 16 जानेवारीला, म्हणून आदल्या दिवशी बाणावलीहून सांकवाळला चालत जायचं आमच्या वाड्यावर ठरलं, तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "म्हणजे आजोळाहून घरीच जायचं की." मला ते फार आवडलं. आम्ही मूळचे बेळगावकडचे. घरात मराठी, इगर्जेत (चर्चमध्ये) कोंकणी. वास्कोला आलो ते बार्जच्या नोकरीमुळे.

त्या नोकरीचं आधी सांगायला हवं. आमचे हे खनिजाच्या बार्जवर होते. सावर्ड्याकडच्या धक्क्यांवर माल भरायचा आणि जुवारी नदीतून खाली मुरगावला आणायचा. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, पुढे थोड्याफार सुरू झाल्या आणि मार्च 2018 मध्ये परत थांबल्या. माणूस खचतो तो या दुसऱ्या खेपेला. पहिल्या वेळी उसनवारी करून दिवस निघतात, कारण जो तो म्हणत असतो की होईल सुरू. दुसऱ्या वेळी असं म्हणणारंही कुणी उरत नाही. पगार आधी अर्धा झाला, मग थांबलाच. लेकीचं नर्सिंग मध्येच राहिलं. हे रोज सकाळी उठून धक्क्यावर जायचे आणि नांगरलेल्या बार्जकडे बघत बसायचे. रात्री रोझरीला (जपमाळेच्या प्रार्थनेला) बसायचे, पण ओठ हलायचे नाहीत. मीही रोज देवापुढे एकच मागणं धरून बसले होते, खाणी सुरू कर, आणि ते मागता मागता माझी प्रार्थना सुकत चालली होती.

शेजारच्या आजी सांखळीच्या, पंढरीची वारी केलेल्या. आम्ही चालणार हे कळल्यावर त्या मुद्दाम आल्या. नव्या चपला घालू नका, रात्री तळव्यांना खोबरेल चोळा, पाणी घोट घोट प्या आणि पहिल्या तासात धावू नका. आमच्या सगळ्या तयारीत खरा उपयोग झाला तो या चार गोष्टींचा.

जुझेचा बाप्तिस्मा झाला ती बाणावलीची सां जुवांव बाप्तिस्ताची इगर्ज. तिथे अंधारात प्रार्थना केली आणि निघालो. मडगाव गाठेपर्यंत कुणी फारसं बोललं नाही. नुवेंला गरिबांच्या माउलीची इगर्ज आहे, तिथे थोडं टेकलो. आमच्यातल्या एक सिस्टर म्हणाल्या, तेरावं स्तोत्र कोण वाचेल? कुणी हात पुढे करायच्या आत ह्यांनी बायबल घेतलं. त्या स्तोत्रात दावीद देवाला चार वेळा विचारतो, कुठवर? मला विसरलास का, तोंड फिरवलंस का? हे वाचत होते. दुसऱ्या 'कुठवर'ला त्यांचा आवाज चढला आणि चौथ्याला फाटला. कितीतरी महिन्यांत देवासमोर त्यांचा आवाज मी ऐकला नव्हता. माझ्या मते ती त्यांची त्या सबंध काळातली सर्वांत खरी प्रार्थना. देवाशी भांडणारा माणूस देवाला सोडून गेलेला नसतो, हे मी कुणाशीही वाद घालून सांगेन. 'विश्वास असेल तर रडू नये' असं सांत्वनाला येऊन सांगणाऱ्या आपल्याच माणसांनी हे स्तोत्र एकदा मोठ्यानं वाचावं.

वेर्ण्याच्या चढावर ऊन लागलं. कंटेनर अंगाला घासून जात होते, धुळीनं रोझरीचे मणी बोटांना चिकटत होते. सिस्टर चालता चालता जुझेची गोष्ट सांगत होत्या. सिलोनात (आजच्या श्रीलंकेत) डच सत्ता होती, कॅथलिक पाद्र्यांना बंदी. 1687 मध्ये हा गोंयकार पाद्री मजुराच्या वेषात तिथे उतरला, पोटाच्या आजारानं मरता मरता वाचला, मग गळ्यात रोझरी घालून दारोदार भीक मागत हिंडला, कारण ती ओळखेल तो आपला. 1692 मध्ये कँडीत पोहोचला तर पोर्तुगीजांचा हेर म्हणून कैदेत टाकला. कैदेत बसून तो सिंहली शिकला. 1697 मध्ये देवीची साथ आली, माणसं आजाऱ्यांना टाकून पळाली, तेव्हा हा त्यांना धूत-भरवत राहिला. 16 जानेवारी 1711 ला तिथेच वारला. गोव्याला परत आला नाही.

ते ऐकून हे एकदम म्हणाले, "म्हणजे त्याचं जुनं काहीच त्याला परत मिळालं नाही." सिस्टर म्हणाल्या, "नाही." मग कुठ्ठाळीपर्यंत दोघंही गप्प. पण ते वाक्य माझ्या मनातून जाईना. आम्ही इतके दिवस 'होतं तसं परत दे' एवढंच मागत होतो आणि त्यालाच आशा म्हणत होतो. ज्या येशूवर आपण विश्वास ठेवतो तो पुन्हा उठला, पण हातांवरच्या खिळ्यांच्या खुणांसकट. तो शिष्यांना घेऊन पूर्वीच्या दिवसांत परत गेला नाही. कैदेतल्या जुझेला सुटकेची तारीख कुणी दिली नव्हती. तरी त्यानं भाषा शिकायला घेतली, कारण ज्यांच्यासाठी देवानं त्याला धाडलं होतं ती माणसं भिंतीपलीकडे होती. माझ्या मागण्यात इतके दिवस माणसं नव्हतीच, नुसत्या खाणी होत्या.

सांकवाळला पोहोचलो तेव्हा पाय आपले वाटत नव्हते. तिथली सायबिणीची, म्हणजे मारिया मातेची, जुनी इगर्ज 1834 मध्ये आगीत गेली. उरला फक्त दर्शनी भाग, उंच, नक्षीचा, आणि मागे सरळ आकाश. इगर्ज पुन्हा उभी राहिली नाही, पण शेजारी जुझेचं तीर्थस्थान आहे आणि माणसं येतच असतात. 14 जानेवारी 2015 ला कोलंबोत पोप फ्रान्सिसनी त्याला संत घोषित केलं, त्याच्या मरणानंतर तीन शतकं उलटून. ह्यांनी त्या भिंतीला हात लावला, मग नदीकडे बघून म्हणाले, "भरती लागली." बार्जवरची सवय. मी विचारलं, काय मागितलंत? म्हणाले, "खाणींचं नाही मागितलं आज."

मिस्सा (इगर्जेतली उपासना) झाल्यावर बसनंच घरी आलो. पुढच्या आठवड्यात हे मासेमारीच्या ट्रॉलरवर काम विचारून आले. पैसे बार्जपेक्षा बरेच कमी, रात्रीचं जागरण वेगळं. लेकीची फी अजून जुळलेली नव्हती. मी सिस्टरांबरोबर चिखलीच्या इस्पितळात जायला लागले, ज्यांच्याजवळ कुणी नाही त्यांना पेज भरवायला. आता लेकही सुट्टीच्या दिवशी येते. रुग्णाला कुशीवर कसं वळवायचं ते मला तीच शिकवते.