तलावपाळीहून कुंडलिकेवर: लेकीच्या सॅकचा प्रवास

ठाण्यात जांभळी नाक्यावरच्या दुकानात लाल मॅटीचा, म्हणजे बॅगांच्या जाड कापडाचा, तागा उलगडला तेव्हा काकांनी विचारलं, "दप्तर शिवायचंय का?"

"नाही काका, होडीतून न्यायची सॅक. लेकीसाठी."

त्यांनी कापडावर पाण्याचा थेंब टाकून दाखवला. थेंब मोत्यासारखा उभा राहिला. दीड मीटर मॅटी, एक इंची पट्टा, बकल आणि पॉलिएस्टर दोऱ्याचं रीळ घेऊन घरी आलो. सुती दोरा मुद्दाम टाळला, ओला राहिला की कुजतो.

जानेवारीत कोलाडला कुंडलिका नदीतून कनू, म्हणजे लांबट उघडी होडी, वल्हवायची आणि एक रात्र काठावर तंबूत काढायची असं ठरलं होतं. लेक आठ वर्षांची, वजन २२ किलो. तिचं सामान तिनंच वाहावं असं मला मनापासून वाटत होतं. पण ट्रेकच्या सॅकला कडक फ्रेम असते, ती होडीच्या तळाशी नीट बसत नाही. कनूची सॅक मऊ आणि बुटकी हवी, म्हणजे वजन खाली राहतं आणि होडी डुचमळत नाही. अमेरिकेत डुलुथ गावच्या कमिल पोइरिएनं १८८२ साली अशाच कॅनव्हासच्या सॅकचं पेटंट घेतलं होतं. तिकडे एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाताना मधली वाट होडी आणि सामान अंगावर घेऊन चालावी लागते. सॅक म्हणजे मोठी चौकोनी पिशवी, वर झाकण, मागे दोन पट्टे. मला तेवढंच हवं होतं, फक्त लेकीच्या पाठीच्या मापाचं. मान खाली घातली की मागे जे हाड वर येतं, तिथपासून कमरेच्या हाडापर्यंत टेप धरली. ३१ सेंटिमीटर.

आईच्या पायमशीनला १८ नंबरची सुई लावली. सरळ टिपा भराभर झाल्या. अडलं ते पट्ट्यांच्या जोडावर. तिथे दुमडलेला पट्टा, पाठीचं कापड आणि आतला आधाराचा तुकडा धरून सहा थर होतात. पहिली सुई तुटली. आई शेजारी येऊन उभी राहिली.

"अरे, पाय काढ आधी. चाक हातानं फिरव."

एकेक टाका मोजत चौकोन शिवला, त्यात फुली मारली. सगळा भार त्या फुलीवर येतो.

सॅक चढवून लेक तलावपाळीला चक्कर मारायला निघाली. कोपिनेश्वर मंदिरापर्यंत पट्टा तीनदा खांद्यावरून घसरला. वरचे जोड मी १२ सेंटिमीटर अंतरावर घेतले होते. ते मोठ्यांचं माप, तिचे खांदे केवढेसे! रात्री दोन्ही फुल्या उसवल्या आणि ५ सेंटिमीटरवर पुन्हा शिवल्या.

दिवा-रोहा गाडीत तिनं सॅक मांडीवरून खाली ठेवली नाही. कपडे, स्वेटर, टॉर्च, पाणी, चिवड्याचा डबा, सगळं मिळून २ किलो १०० ग्रॅम. तिच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त होऊ द्यायचं नव्हतं.

मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून कुंडलिकेत येतं, म्हणून जानेवारीतही नदी वाहती असते. ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापट लढले, त्याच धरणाचं हे पाणी, हे तिला काठावर बसून सांगितलं. ती बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. राफ्टिंगवाले वरच्या अंगाला असतात, आम्ही खालच्या संथ पाण्यात उतरलो. अंगात लाइफ जॅकेट, सॅक पायाशी. होडीत सॅक पाठीला नको, हे तिला आधीच बजावलं होतं.

तंबूच्या जागी उतरताना होडी कलंडली आणि सॅक गुडघाभर पाण्यात पडली. माझ्या काळजात धस्स झालं. पण आत कपडे जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीचं तोंड पिळून दुमडून बांधलेलं. ती पिशवी फुगलेली होती, त्यामुळे सॅक लाल भोपळ्यासारखी तरंगली. लेकीनं वरची हातपट्टी पकडून ओढली. तळाच्या दोन आयलेटमधून, म्हणजे कडी बसवलेल्या भोकांतून, पाण्याच्या धारा लागल्या. काठावर बसून तिनं आतली गाठ सोडली आणि स्वेटर गालाला लावून पाहिला.

"बाबा, कोरडा आहे."

परतीच्या गाडीत ती त्याच सॅकवर डोकं ठेवून झोपली. उजव्या फुलीचा एक टाका सैल झालेला दिसला. रविवारी मशीन उघडतो.