आमची वाटचाल : पावत्यांची वही

संडासाच्या टाक्यांमधला मैला उपसणारा आमचा टँकर नाल्यावर कधीच रिकामा झालेला नाही. 2006 पासून एकही खेप नाही. हे आधीच लिहितो, कारण पिंपरी-चिंचवडच्या चिखली-तळवडे पट्ट्यात अजूनही काही जण आम्ही मैला नाल्यात सोडतो असं सांगतात.

किल्लारीच्या भूकंपानंतर, 1993 च्या दिवाळीत औसा तालुक्यातून भोसरीला आलो. बारा वर्षं प्रेसशॉपमध्ये काढली. दाजी पंपाचे फिटर होते. त्यांनी एका भंगारवाल्याकडे उभा असलेला 4,000 लिटरचा सक्शन टँकर हेरला आणि दोघांनी मिळून घेतला. मैल्याचा धंदा म्हणून भावकीत बोलणी बसली. पंगतीला बोलवायचे, पण शेजारी कुणी बसायचं नाही.

धंदा का चालला, ते या भागात राहणाऱ्याला सांगायला नको. लातूर, बीड, नांदेडहून माणूस येतो, दहा बाय दहाची खोली घेतो. मालकानं एका कुटुंबापुरती बांधलेली संडासाची टाकी असते. वर दोन माळे चढतात, खाली टाकी तीच. पाच माणसांच्या टाकीवर पन्नास माणसं. पाणी आत ठरतच नाही. गाळ खाली बसायच्या आत पुढचं पाणी त्याला ढकलतं आणि कच्चा मैला गटारात, तिथून नाल्यात, तिथून इंद्रायणीत. 2001 च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवड दहा लाखांचं होतं, 2011 ला सव्वासतरा लाखांचं. ही वरची सात लाख माणसं कुठं तरी संडासला जाणारच ना? आळंदीला फेस आला की सगळे कारखान्यांकडे बोट दाखवतात. कारखाने आहेतच, पण आपल्या खोल्यांखालचं पाणीही त्यात आहे, हे मी रोज टाकीचं झाकण उघडून बघतो.

आमचा पंप व्हेनचा, म्हणजे फिरत्या पट्ट्यांनी हवा ओढणारा. पट्ट्या झिजल्या की दाजी आवाजावरून ओळखायचे, गेजकडे बघायचे नाहीत. उभ्या टँकरपासून सहा-सात मीटर खाली गेलं की कसलाही व्हॅक्यूम दाट गाळ चढवत नाही. आधी पाणी मारून तो पातळ करावा लागतो. पण दाजींचं खरं हत्यार म्हणजे आठ फुटी वेळू. खालच्या अर्ध्या भागाला पांढऱ्या टॉवेलचं फडकं घट्ट गुंडाळलेलं. तळापर्यंत हळू सोडायचा, तीन-चार मिनिटं थांबायचं, हळूच वर घ्यायचा. काळा डाग जिथवर, तिथवर गाळ. एक तृतीयांश टाकी भरली असेल तर उपसा, नसेल तर पैसे न घेता परत. किती गिऱ्हाइकांना आम्ही "अजून वर्षभर थांबा" म्हणून सांगितलं असेल!

2014 च्या उन्हाळ्यात एक जण या धंद्यात उतरला. नाव लिहीत नाही. आमचा दर खेपेला 1,200, त्याचा 700. मैला जिथं रिकामा करायचा त्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रापर्यंतचं डिझेल, तिथली रांग, तिथली पावती हे सगळं धरून 700 मध्ये काम होतच नाही. रात्री नाल्यात सोडलं तरच होतं. त्यानं टँकरला रंगही आमच्यासारखाच निळा मारला. एका पहाटे लोकांनी नाल्यावर निळा टँकर पाहिला, अंधारात फोटो काढला आणि तो मोबाइलवरून सगळीकडे फिरला. दुसऱ्या दिवशी आमच्या ड्रायव्हरला भर चौकात उतरवून मारलं. तो पोरगा गावी निघून गेला, परत आला नाही. सोसायट्यांनी एकेक करून फोन करून नको म्हटलं. अकरा आठवडे टँकर दारात उभा होता. बँकेचे हप्ते थकले, बायकोच्या पाटल्या गेल्या, गावची दीड एकर गहाण पडली. दाजींनी त्याच काळात अंथरूण धरलं. ते आजारपण या बदनामीचंच होतं, असं मी मानतो.

आम्हाला बाहेर काढलं चिखलीच्या आक्कांनी. बावीस खोल्यांची चाळ, पहिल्या वर्षापासूनचं गिऱ्हाईक. केंद्रावरची प्रत्येक पावती दाजींनी वहीत डकवलेली होती: तारीख, वेळ, लिटर. त्या फोटोच्या पहाटेची पावती तर आमची केंद्रावर रिकामं केल्याचीच होती. आक्का ती वही घेऊन सोसायट्यांच्या बैठकांना गेल्या, बोट ठेवून वाचायला लावली. आणि स्वतःच्या तीन उपशांचे पैसे आगाऊ माझ्या हातावर ठेवले. त्यातून पहिला थकलेला हप्ता भरला. टँकर पिवळा रंगवला, तो आजही पिवळाच आहे.

पुढची वर्षं बरी गेली. दुसरा टँकर आला, जमीन सुटली. दाजी 2018 ला गेले.

खोल्या बांधणाऱ्यांना एक सांगतो. टाकीच्या झाकणावर फरशी घालू नका. आम्ही येऊन पहारीनं फोडतो आणि तुम्ही आमच्यावरच चिडता. टाकीचे दोन कप्पे करा, हवेचा पाइप छतावर न्या. संडासात ॲसिड ओतू नका, गाळ कुजवणारे जिवाणू मरतात. दोन-तीन वर्षांनी उपसा करा, तुंबायची वाट बघू नका. साताऱ्याच्या वाईत आणि नाशिकच्या सिन्नरमध्ये ठरलेल्या वेळापत्रकानं उपसा होतो, मग आपल्याकडे का होऊ नये? आणि आत माणूस उतरवू नका. टाकीतला वायू जास्त झाला की त्याचा वासच कळेनासा होतो. माणसाकडून मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणारा 2013 चा कायदा आहे, 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. आमच्याकडे कुणीही उतरलेलं नाही, उतरणार नाही.

आक्का आता चाळीमागं आणखी बारा खोल्या बांधतायत. गेल्या महिन्यात गवंड्याला घेऊन बोलावलं. मी खडूनं जमिनीवर टाकीचं माप आखून दिलं, साठ माणसांचं. गवंडी म्हणाला, एवढी कशाला? आक्कांनी त्याला वही दाखवली.