तेरड्याच्या शेपटीतला मकरंद

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी रानफुलांतला मकरंद मोजायचं ठरलं आणि मी तेरडा धरला. सातारा भागात भाद्रपदात हवा तेवढा मिळतो. कास पठारावर फुलाला हात लावायचा तर वनखात्याची परवानगी हवी, म्हणून ओळखीच्या शेतकऱ्याच्या पडीक जांभ्यावर काम मांडलं.

आदल्या संध्याकाळी फुलांवर जाळीच्या पिशव्या बांधायच्या, नाहीतर आपण पोचेपर्यंत मधमाश्या हिशेब करून मोकळ्या! तेरड्याचा मकरंद फुलामागच्या बारीक, वाकड्या शेपटीत असतो. तिचं टोक ब्लेडने छाटायचं, तिथे काचेची केशनळी टेकवायची आणि शेपटी हलकेच दाबायची. मकरंद नळीत किती मिलिमीटर चढला त्यावरून आकारमान निघतं. मग तोच थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर फुंकायचा आणि साखरेची टक्केवारी वाचायची. यंत्र थोड्या नमुन्यावर चालणारं हवं. साध्या यंत्राला एवढ्याशा थेंबाने काही दिसत नाही. फुलाचं वयही लिहावं लागतं, कारण आधी पुंकेसरांची टोपी असते आणि ती गळाल्यावर स्त्रीकेसर उघडा पडतो. दोन्ही अवस्थांतला मकरंद एका रकान्यात घालून चालत नाही.

खरी गंमत हवामानाची. धुक्याच्या सकाळी थेंब मोठा पण पातळ मिळायचा. ऊन-वारा असला की पाणी उडून तो लहान, दाट व्हायचा. नुसतं आकारमान पाहिलं तर धुकंच भारी वाटेल. पण २० टक्क्यांचे २ मायक्रोलिटर आणि ४० टक्क्यांचा १ मायक्रोलिटर यांत साखर जवळजवळ सारखीच. म्हणून दोन्ही आकड्यांचा गुणाकार केल्याशिवाय दिवसांची तुलना करायची नाही, असं मॅडमनी बजावलं होतं.

पावसाने दडी मारली की चित्र पालटायचं. जांभ्यावर मातीचा थर पातळ, ओल टिकत नाही, तेरडा दुपारीच मान टाकतो. तेव्हा थेंबही आटायचा आणि साखरही. उलट झड लागली की शेपटीतला मकरंद पावसापासून बऱ्यापैकी वाचतो, पण माश्या पेटीबाहेरच पडत नाहीत. जवळच सातेरी जातीच्या मधमाश्यांच्या पेट्या ठेवणारे काका म्हणायचे, “पाऊस किती झाला ते मला नको सांगू, उघडीप किती मिळाली ते सांग.”

म्हणून मी पर्जन्यमापकाच्या आकड्याशेजारी उन्हाच्या तासांचा रकाना वाढवला. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी नेमका तोच धरला आणि अर्धा तास त्यावरच घेतला.